अमेरिकेला २८वी घटनादुरुस्ती हवी, पण कोणती?

अमेरिकेत निवडणुकीतल्या पैशाचा विषय निघाला की दोन घोषणा हमखास कानावर येतात. 'कंपनी म्हणजे माणूस नव्हे' ही एक, आणि 'पैसा म्हणजे अभिव्यक्ती नव्हे' ही दुसरी. पलीकडच्या बाजूचीही एक ठरलेली आहे: 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीला हात लावाल तर खबरदार.' दर दोन वर्षांनी प्रचारखर्चाचे आकडे बाहेर आले की या तिन्ही एकमेकींवर आदळतात आणि वाद जागच्या जागी राहतो. दरम्यान एक समजूत मात्र घट्ट होत जाते, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने उमेदवारांना वाट्टेल तेवढ्या देणग्या द्यायची मुभा दिली आणि ती काढून घेण्यासाठी राज्यघटना बदलायला हवी. प्रत्यक्षात उमेदवाराला द्यायच्या देणगीवर तिथे आजही मर्यादा आहे. २०२५-२६ च्या फेरीत एका व्यक्तीला संसदेच्या एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपेक्षा जास्त देता येत नाहीत. कंपनीला तर स्वतःच्या तिजोरीतून उमेदवाराला एक सेंटही देता येत नाही, आणि ही बंदी १९०७ च्या टिलमन कायद्यापासूनची आहे. घटनादुरुस्ती हवी, हे माझंही मत आहे. पण ती खर्चावर मर्यादा घालण्यासाठी हवी आणि तिचा नेम २०१० वर नव्हे, १९७६ वर हवा. हे न ओळखता केलेली दुरुस्ती म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

१९७६ चा तो निकाल 'बकली विरुद्ध वालेओ' या नावाने ओळखला जातो. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निवडणूक निधीचा कायदा कडक केला. उमेदवाराला कोणी किती द्यायचं, उमेदवाराने एकूण किती खर्च करायचा, त्याने स्वतःच्या खिशातून किती घालायचं आणि त्याच्याशी सल्लामसलत न करता तिसऱ्याच कुणी त्याच्यासाठी किंवा त्याच्याविरुद्ध किती खर्चायचं, अशा चारही गोष्टींना त्यात मर्यादा होती. सर्वोच्च न्यायालयाने पहिली ठेवली आणि बाकीच्या तीन उडवल्या. सरकारी निधी स्वखुशीने घेणाऱ्या उमेदवाराला खर्चमर्यादेची अट घालता येते, एवढाच काय तो अपवाद. न्यायालयाचं म्हणणं असं: देणगी देणारा फक्त 'मी याच्या बाजूने आहे' एवढंच सांगतो, पुढचं बोलणं उमेदवाराचं असतं; शिवाय देणगीच्या बदल्यात काम करून घेण्याचा धोका उघड आहे, म्हणून तिथे मर्यादा चालेल. खर्च मात्र थेट बोलण्यावरच होतो. छपाई, सभागृहाचं भाडं, टीव्हीवरचा वेळ, सगळ्याला पैसे पडतात. त्यावर मर्यादा घालणं म्हणजे बोलण्यावरच मर्यादा घालणं. तर्क म्हणून हे उडवून लावण्यासारखं नाही. पण कायद्यातल्या देणगीच्या आणि खर्चाच्या मर्यादा ही कात्रीची दोन पाती होती. न्यायालयाने एक पातं काढून घेतलं आणि सांगितलं, आता कापा. खर्चाला छत नाही म्हणून उमेदवाराची पैशाची भूक अमर्याद, आणि देणगीला छत असल्याने ती भागवायची लहान लहान घासांनी. असा दाब तयार झाला की पैसा बाजूने वाट काढणारच. न्या. बायरन व्हाइट यांनी असहमतीच्या निकालपत्रात हेच बजावलं होतं: खर्चाची मर्यादा नसेल तर देणगीची मर्यादा टिकवणं कठीण जाईल. १९६० मध्ये जॉन केनेडी यांच्या प्रचारयंत्रणेत त्यांनी स्वतः काम केलं होतं, त्यामुळे प्रचारात पैसा कसा हलतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

ती बाजूची वाट पुढे हमरस्ता कशी झाली, ते पाहा. जानेवारी २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड'ने कंपन्या आणि कामगार संघटनांना उमेदवारापासून 'स्वतंत्र' असा कितीही खर्च करायला मोकळीक दिली. दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 'स्पीचनाऊ' खटल्यात पुढचं पाऊल टाकलं: स्वतंत्र खर्चामुळे भ्रष्टाचार होतच नसेल, तर असा खर्च करणाऱ्या गटाला मिळणाऱ्या देणगीवर तरी मर्यादा कशाला? सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही. अशा, कितीही देणगी घेऊन 'स्वतंत्र' खर्च करणाऱ्या गटांना 'सुपर पॅक' म्हणतात; त्यांचा जन्म इथला. म्हणजे अमर्याद देणग्या खरोखर आहेत, पण त्या खर्चाच्या सूत्रातून उगवल्या आहेत. मूळ तसंच ठेवून फांदी छाटली तर ती पुन्हा फुटणार.

आणि 'स्वतंत्र' या शब्दाचं व्यवहारात काय होतं? उमेदवाराच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात लाल चौकटीचं पान असतं. 'मतदारांना हे कळायला हवं' अशी त्याची सुरुवात. मग प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे दोन-तीन मुद्दे, कोणत्या गटातल्या मतदारांपर्यंत ते पोचायला हवेत याचा इशारा, आणि छापण्याजोगी छायाचित्रं. चौकटीत कोणालाही नावाने उद्देशून लिहिलेलं नसतं, पण जाहिरात करणाऱ्या गटाला ती बरोबर सापडते. चित्रफितींचंही तेच. २०१४ मध्ये केंटकीचे सिनेटर मिच मॅककॉनेल यांच्या प्रचारपथकाने यूट्यूबवर दोन-अडीच मिनिटांची एक फीत टाकली. तीत कोणी काही बोलत नाही. सिनेटर कागदांवर सह्या करतात, पत्नीसोबत बसतात, कॅमेऱ्याकडे पाहून हसतात, मागे संगीत वाजतं. मतदाराला पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. 'स्वतंत्र' गटांना जाहिरातीत जोडायला तयार तुकडे मात्र होते. नियम मोडला का, हे ठरवणाऱ्या फेडरल निवडणूक आयोगात सहा जागा असतात, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीनवर गाडी अडली की तक्रार संपली. २०१९-२० मध्ये आणि पुन्हा मे २०२५ पासून तर आयोगाकडे बैठकीपुरती गणसंख्याही उरली नव्हती. आयोगाच्याच मार्च २०२४ च्या एका सल्लामताने घरोघरच्या प्रचाराचं काम उमेदवाराशी बोलून करायलाही सुपर पॅकना वाट मिळाली. त्याच वर्षी इलॉन मस्क या एका माणसाने निवडणुकीत २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त ओतले.

स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार उद्भवत नाही, अगदी तसा भासही होत नाही, असं 'सिटिझन्स युनायटेड'चं निकालपत्र सांगतं. ते लिहिणारे न्या. अँथनी केनेडी. त्यांनीच त्याआधी जेमतेम साडेसात महिन्यांपूर्वी, जून २००९ मध्ये, 'कॅपर्टन विरुद्ध मॅसी' या खटल्यात काय लिहिलं होतं? वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीने पाच कोटी डॉलरची भरपाई द्यावी, असा ज्युरीचा निकाल होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे दिसत होतं, आणि तिथले न्यायाधीश निवडणुकीने येतात. २००४ मध्ये कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चले. त्यांची विभागणी बघण्यासारखी आहे. उमेदवाराला थेट देणगी: १,००० डॉलर, कायद्याने ठरवलेली कमाल रक्कम, एक डॉलरही वर नाही. विरोधी उमेदवाराला पाडण्यासाठी काम करणाऱ्या एका गटाला: सुमारे २५ लाख. स्वतःच्या नावावर थेट पत्रं आणि जाहिराती: पाच लाखांहून अधिक. बेंजामिन जिंकले, अपीलाच्या सुनावणीतून बाजूला व्हायला त्यांनी नकार दिला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई रद्द झाली. तिघांपैकी एक मत त्यांचं. न्या. केनेडी यांनी लिहिलं की इथे पक्षपाताचा धोका इतका गंभीर आहे की बेंजामिन यांनी बाजूला होणं घटनेनेच आवश्यक ठरतं. हा धोका त्या १,००० डॉलरमधून आला होता का? तो आला होता उरलेल्या 'स्वतंत्र' रकमेतून. पुढे केनेडींनी खुलासा केला की कॅपर्टनचा प्रश्न न्यायाधीशाने बाजूला होण्याचा होता, बोलण्यावर बंदी घालण्याचा नव्हता. बरोबर आहे. पण मग त्याच प्रकारच्या पैशाने आमदाराचं किंवा सिनेटरचं मन झुकत नाही, असं मानायला आधार कोणता? न्यायाधीशाला निदान बाजूला करता येतं. सिनेटर तर ज्याने निवडून आणलं त्याच्याच विधेयकावर मत देतो.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. पैशाने निवडणूक विकत घेता येत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सुमारे शंभर कोटी डॉलर घातले आणि प्राथमिक फेरीत अमेरिकन सामोआ हा एकच प्रदेश त्यांच्या हाती लागला. २०१६ मध्ये जेब बुश यांच्या पाठीशी दहा कोटींहून जास्त जमवलेलं सुपर पॅक होतं. फेब्रुवारीतच ते घरी गेले. पण हे दाखले अध्यक्षपदाचे आहेत, जिथे फुकटची प्रसिद्धी अफाट असते. पैशाचा जोर दिसतो तो खालच्या शर्यतीत, आणि तिथेही तो मतदारापेक्षा इतर लोकप्रतिनिधींवर जास्त चालतो. २०२४ मध्ये कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) उद्योगाच्या 'फेअरशेक' या सुपर पॅकने कॅलिफोर्नियाच्या सिनेट प्राथमिक फेरीत केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे एक कोटी डॉलर खर्चले आणि नंतर ओहायोत शेरॉड ब्राउन यांना हरवण्यासाठी सुमारे चार कोटी. त्या जाहिरातींत कूटचलनाचं नावही नव्हतं. मतदाराला त्या विषयावर काही सांगायचंच नव्हतं. ज्यांना निरोप द्यायचा होता ते काँग्रेसमध्ये बसले होते, आणि त्यांना तो पोचला. ही अभिव्यक्ती आहे असं म्हणायचं असेल, तर श्रोता कोण हेही सांगावं लागेल.

दुसरा आक्षेप वृत्तपत्रांचा. तो मला सर्वांत वजनदार वाटतो आणि सुधारणावाद्यांच्या दोन्ही घोषणा त्यापुढे कोसळतात. १९६० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी एक पानभर जाहिरात आली. ती पैसे मोजून दिलेली होती, सुमारे ४,८०० डॉलर. छापणारी एक कंपनी. अलाबामातल्या अधिकाऱ्याने बदनामीचा दावा लावला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्राच्या बाजूने जो निकाल दिला, त्यावर तिथलं पत्रकारितेचं स्वातंत्र्य आजही उभं आहे. 'पैसा म्हणजे अभिव्यक्ती नव्हे' हे घटनेत लिहिलं असतं तर जाहिरातीला संरक्षण नव्हतं. 'कंपनीला घटनात्मक हक्क नाहीत' हे लिहिलं असतं तर वृत्तपत्राला नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी हीसुद्धा कायद्याच्या भाषेत नोंदणीकृत कॉर्पोरेशनच. सभासदांची यादी द्या, असा अलाबामाचा हुकूम तिने १९५८ मध्ये परतवला तो घटनात्मक हक्काच्याच बळावर. ज्यांना कंपन्यांचे सगळे हक्क एका वाक्यात पुसायचे आहेत, त्यांनी संपादकीय कचेरीची झडती कोणत्या कलमाने थांबवणार, हे आधी लिहून दाखवावं. 'सिटिझन्स युनायटेड'च्या मार्च २००९ च्या सुनावणीत सरकारी वकिलाला विचारलं गेलं की कंपनीने छापलेल्या पुस्तकात शेवटी 'अमक्याला मत द्या' असं वाक्य असेल तर? त्यावरही कायद्याने बंदी आणता येईल, असं उत्तर त्याने दिलं, आणि खटला बहुधा तिथेच हातचा गेला. म्हणून दुरुस्तीत बंदीचा अधिकार असता कामा नये. अधिकार हवा तो फक्त रकमेवर मर्यादा घालण्याचा. बातमी, अग्रलेख आणि भाष्य यांना १९७४ पासून कायद्यात सूट आहे आणि ती इतकी वर्षं चालवता आली आहे. 'सिटिझन्स युनायटेड' हे मुळात एका संस्थेचं नाव, आणि खटला तिच्या एका चित्रपटावरूनच होता. गंमत अशी की त्याच संस्थेला निकालानंतर काही महिन्यांत, जून २०१० मध्ये, आयोगाने तिच्या चित्रपटांसाठी ही वृत्तमाध्यमांची सूट लागू होते असं सांगितलं. तो खटला वेगळ्या वाटेनेही सुटू शकला असता.

तिसरा आक्षेप: मर्यादा ठरवणार कोण? तेच, जे आज निवडून आलेले आहेत. कुंपणच शेत खाईल. ही भीती काल्पनिक नाही. १९७४ च्या कायद्याने प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ७०,००० डॉलरची खर्चमर्यादा घातली होती. विद्यमान सदस्याला नाव, कचेरी आणि टपाल फुकट मिळतं. आव्हान देणाऱ्याला आपलं नाव ऐकवायलाच पैसे लागतात. बकली खटल्यातल्या वादींमध्ये यूजीन मॅकार्थी होते, हा योगायोग नव्हता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध १९६८ मध्ये त्यांनी स्वपक्षाच्याच अध्यक्षाला दिलेलं आव्हान मूठभर श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांवर उभं राहिलं होतं. व्हरमाँटने तर राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारासाठी दोन वर्षांच्या फेरीला २०० डॉलरची देणगीमर्यादा ठेवली होती, आणि ती पक्षालाही लागू; २००६ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली ते योग्यच झालं. पण यावरून निघतो तो निष्कर्ष 'मर्यादाच नको' असा नाही. मर्यादेवर न्यायालयाची नजर हवी असा आहे. कॅनडात हे चालतं. तिथल्या हक्कांच्या सनदेतलं पहिलंच कलम वाजवी मर्यादांना जागा देतं, पण त्या मुक्त आणि लोकशाही समाजात समर्थनीय आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर टाकतं. त्या कसोटीवर २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्रयस्थांच्या खर्चाची मर्यादा वैध ठरवली: देशभरात दीड लाख कॅनेडियन डॉलर, एका मतदारसंघात ३,०००. त्या मर्यादेविरुद्ध लढून हरलेले स्टीफन हार्पर दोनच वर्षांत पंतप्रधान झाले. विरोधकाचा आवाज त्या मर्यादेने बंद पडला, असं निदान त्यांच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

घटना बदलण्यापेक्षा न्यायालय बदलण्याची वाट पाहा, असं सांगणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे बालमजुरीचा दाखला आहे. १९१८ आणि १९२२ मध्ये न्यायालयाने बालमजुरीविरोधी कायदे पाडले, म्हणून १९२४ मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवली. ३६ राज्यं हवी होती, मिळाली २८. दुरुस्ती पडून राहिली आणि १९४१ मध्ये न्यायालयानेच आपला जुना निकाल रद्द केला. पण इथे वाट कशाची पाहायची? 'सिटिझन्स युनायटेड'मध्ये चार न्यायाधीश विरोधात होते. बकलीने रद्द केलेल्या खर्चमर्यादेला न्यायालयात कधीही बहुमत मिळालेलं नाही. व्हरमाँटचा खर्चमर्यादेचा कायदा पाडणारं मुख्य निकालपत्र न्या. स्टीफन ब्रेयर यांचं होतं, आणि ते उदारमतवादी गटातले. २०१० चा निकाल उद्या उलटला तरी थांबतील त्या फक्त कंपन्या आणि संघटना. अब्जाधीश व्यक्तीला १९७६ पासून मोकळीक आहे ती तशीच राहील. वाट पाहता पाहता काय होतं ते मेन राज्यात दिसलं. २०२४ मध्ये तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी सुपर पॅकला द्यायच्या देणगीवर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. २०२५ मध्ये फेडरल न्यायालयाने ती रोखली.

मग मसुदा कसा असावा? अमेरिकी घटनेतच दोन नमुने आहेत, सहा वर्षांच्या अंतराने स्वीकारलेले. १९१३ च्या १६व्या दुरुस्तीने काँग्रेसला प्राप्तिकर बसवण्याचा अधिकार दिला. दर किती, कोणावर, सूट कशाला, यातलं काही तीत नाही. १९१९ च्या १८व्या दुरुस्तीने दारूबंदी हे धोरणच घटनेत कोरलं आणि चौदा वर्षांत ते खोडावं लागलं. प्रचारखर्चाची दुरुस्ती १६वीच्या वळणाची हवी. २०१४ मध्ये सिनेटर टॉम उडाल यांचा मसुदा त्या दिशेने बराच गेला होता: 'वाजवी मर्यादा' हा शब्दप्रयोग होता, राज्यांनाही अधिकार होता. पण दुसऱ्या कलमात कंपन्यांच्या खर्चावर संपूर्ण बंदी घालण्याची मुभा होती, आणि वृत्तस्वातंत्र्याला धक्का लागणार नाही एवढंच म्हणून 'वृत्त' म्हणजे कोण हे सोडून दिलं होतं. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयूनेही विरोध केला. मतदान झालं ५४ विरुद्ध ४२. चर्चा संपवायला ६० हवी होती, आणि मंजुरीला तर दोन-तृतीयांश. माझ्या मते त्यात चार बदल पुरेत. अधिकार फक्त रकमेवर असावा, मजकुरावर नाही. मर्यादा उमेदवार, पक्ष, व्यक्ती, कंपनी, संघटना सर्वांच्या खर्चाला लागू करता यावी, पण कोणालाही शून्यावर आणता येऊ नये. आव्हान देणाऱ्याला मतदारांपर्यंत पोचण्याइतकी ती सैल आहे, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. आणि वृत्तमाध्यमाची सूट कामावरून ठरावी, मालकी किंवा नोंदणीवरून नाही. 'पहिल्या दुरुस्तीत काहीही असले तरी' असे शब्द मात्र मुळीच नकोत. ते आले की न्यायालयाची नजरच जाते.

हे होईल का? ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. राज्य विधिमंडळांची एकूण ९९ सभागृहं आहेत आणि त्यातली वेगवेगळ्या राज्यांतली फक्त १३ अडून बसली तरी दुरुस्ती मेली. पण १९७१ मध्ये १८ वर्षांच्या मुलांना मताधिकार देणारी २६वी दुरुस्ती न्यायालयाच्या निकालाला उत्तर म्हणूनच आली आणि शंभर दिवसांत मंजूर झाली. सिनेटरांची थेट निवडणूक सिनेटला नकोच होती. घटनापरिषद बोलावण्याची मागणी करणाऱ्या राज्यांची संख्या वाढत गेली तेव्हा १९११ मध्ये सिनेट हलली. आज वीसहून अधिक राज्यांनी निवडणुकीतल्या पैशावर दुरुस्ती मागितली आहे. अडचण त्या मागणीत काय लिहिलंय, ही आहे. मोंटानाचंच पाहा. १९१२ पासून तिथे कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी होती. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुनावणीही न घेता रद्द केली. नोव्हेंबरात सुमारे ७५ टक्के मतदारांनी घटनादुरुस्तीच्या मागणीला कौल दिला, आणि तिची मुख्य ओळ होती, कंपनी म्हणजे माणूस नव्हे. पण विकाऊ राजकारणासाठी मोंटानाचं नाव देशभर ज्याने केलं तो तांबेसम्राट विल्यम क्लार्क. सिनेटर तेव्हा राज्यांचे आमदार निवडत. १८९९ मध्ये सिनेटची जागा मिळवण्यासाठी त्याने आमदारांना पाकिटं वाटल्याचा आरोप झाला, नोटांनी भरलेली, एकूण ३०,००० डॉलरची पाकिटं भर सभागृहात दाखवली गेली आणि सिनेट बाहेर काढणार असं दिसताच त्याने राजीनामा दिला. तो कंपनी नव्हता. माणूसच होता, आणि पैसे स्वतःचेच होते.